साक्ष आणि उलटतपासणी

मंडळी, आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडले आहेत. निमित्त माझ्या भाचीचं. दादाची ही धाकटी लेक यंदा नगरहून पुण्याला विद्यापीठात एम.एस्सी.ला चालली आहे. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय हे माहीत आहे, पण जिभेला अजून वळण लागत नाही. समजून घ्या.) हॉस्टेल, मेस, फी, सगळं मार्गी लागलं. अडलंय ते भलत्याच गोष्टीवर. तिथं गेल्यावर तिनं आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल कुणाशी बोलावं की बोलू नये?

दादा म्हणतो, अजिबात बोलू नये. शिकायला चाललीस, शीक आणि परत ये. दिवस बरे नाहीत. कुणी मोबाईलवर चार वाक्यं टिपली, पुढची-मागची कापून पसरवली, तर कुणाकुणाला समजावत बसणार? आईचं आणि तिच्या बायकांच्या प्रार्थनागटाचं मत नेमकं उलटं. देवानं पोरीला तिथं उगाच पाठवलेलं नाही, रूममेटपासून सुरुवात कर, वर्षाला एक तरी आत्मा प्रभूकडे आण. दोघांचीही पोरीवर माया आहे, त्यामुळे वाद मिटत नाही. शेवटी दोन्हीकडून फोन मला, कारण त्या विद्यापीठात राहून आलेली घरातली मी एकटीच.

माझं मत दोन्ही पक्षांना आवडणार नाही. म्हणून लिहूनच टाकते. नातेवाईक वाचतातच सगळे, वेगवेगळं सांगायचा त्रास वाचेल.

बोलावं. पण साक्षीदारासारखं बोलावं.

आमच्या चर्चमध्ये 'साक्ष देणं' हा शब्द वापरून वापरून अगदी गुळगुळीत झालाय. उपासनेत कुणीतरी उभं राहतं, आजारातून उठल्याची किंवा नोकरी लागल्याची हकीकत सांगतं, सगळे 'आमेन' म्हणतात, झाली साक्ष. पण कोर्टातली साक्ष आठवून बघा. तिथं साक्षीदार आपण पाहिलं तेवढंच सांगतो. युक्तिवाद वकिलाचा, निकाल न्यायाधीशाचा. आणि साक्ष संपली की उलटतपासणी होते. समोरचा प्रश्न विचारतो आणि खरं उत्तर द्यावं लागतं, मग ते आपल्या बाजूचं असो वा नसो. चर्चमध्ये ही उलटतपासणी कधीच होत नाही. विद्यापीठात रोज होते. म्हणूनच साक्ष द्यायला ती जागा चांगली, असं मला वाटतं.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा धड नाही. आम्ही नगरकडचे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, आणि पुढे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत मुख्यतः महार-मांग समाजातली कुटुंबं ख्रिस्ती झाली. घरात मराठी, आडनाव मराठी, नाताळाला करंज्या-चकल्या, आणि भजनं रेव्हरंड टिळकांची. १९९८ साली हॉस्टेलवर गेले तेव्हा हे सगळं मला धडा पाठ म्हटल्यासारखं म्हणून दाखवावं लागायचं. "तू गोव्याची का?" "घरी इंग्लिश बोलता?" "मग आडनाव कसं काय मराठी?" विचारणाऱ्या मुली मनानं चांगल्या होत्या. त्यांनी ख्रिस्ती माणूस फक्त हिंदी सिनेमात पाहिला होता, एक तर दारू पिणारा, नाहीतर कबुलीजबाब ऐकणारा. :)

सांगायचा मुद्दा हा की गप्प बसायचं ठरवलं असतं तरी ते जमलं नसतं. रविवारी सकाळी सगळं हॉस्टेल लोळत असताना ही आवरून कुठं निघाली, हा प्रश्न पडणारच. दादाला माझं पहिलं सांगणं हे. तुम्ही स्वतःबद्दल सांगितलं नाही तर तुमच्याबद्दल सिनेमा सांगतो, आणि आता तर व्हॉट्सॲप सांगतं. पोरीनं स्वतः सांगितलेलं त्यापेक्षा बरं.

विद्यापीठ 'सेक्युलर' असतं म्हणून धर्म गेटबाहेर ठेवून आत जायचं, हाही एक गैरसमज. घटनेचं २८ वं कलम म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. हे बंधन संस्थेवर आहे. वर्गात, परीक्षेत, प्रवेशात कुणाचा धर्म आडवा येता कामा नये, हे तर योग्यच. पण हॉस्टेलच्या खोलीत रात्री अकराला मॅगी खाता खाता मैत्रिणी काय बोलतात, याला ते लागू नाही. आमच्या मजल्यावर गणपती बसायचा. त्याची रांगोळी माझ्याकडे, कारण माझा हात बरा होता. शेजारच्या खोलीत गुरुवारचे उपवास, पलीकडे रोजे. कुणी कुणाला काही विचारायचंच नाही असा नियम असता, तर दोन वर्षांनी मी नुसती डिग्री घेऊन घरी आले असते.

खोलीत आम्ही तिघी होतो. एक विदर्भातली, बौद्ध. तिच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेली. एकदा बोलता बोलता मी तिला शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. यहुदी लोक ज्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत, अशा समाजातल्या बाईकडे येशू विहिरीवर पाणी मागतो. ती ऐकून म्हणाली, "हे तर आमचं चवदार तळंच की!" मला इतका आनंद झाला. आणि लगेच तिचा पुढचा प्रश्न आला. "मग तुमच्या चर्चमध्ये लग्न ठरवताना जात विचारतात का?"

झाली की नाही उलटतपासणी? मी म्हणाले, "विचारतात." उघड कुणी विचारत नाही, पण मूळ कुणातलं घराणं हे सगळ्यांना माहीत असतं आणि स्थळं बघताना ते आडून आडून निघतंच. ती म्हणाली, बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाबद्दल हेच लिहून ठेवलंय, तू नाही म्हणाली असतीस तर तुझं पुढचं काही ऐकलं नसतं. मग विचारलं, तरी तू का मानतेस? मला वाटतं ते सांगितलं. विहिरीवर पाणी मागणारा येशू मला खरा वाटतो, आणि आम्ही त्याचं पुरतं ऐकलं नाही हा आमचा दोष, त्याचा नाही. तिला पटलं का? नाही. ती आजही बौद्धच आहे. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आली होती, आणि माझं बाबासाहेबांचं वाचन तिच्यामुळे सुरू झालं. त्या खोलीत साक्ष दोन्ही बाजूंनी झाली.

तिसरी लातूरकडची, घरात वारकरी वळण. तिचा प्रश्न जास्त झोंबणारा. "तुमच्या पूर्वजांना दुष्काळात गव्हासाठी बाटवलं ना?" आमच्यातले पुष्कळ जण हा प्रश्न ऐकून चिडतात. चिडू नये, कारण त्यात अर्धं सत्य आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मिशननं लोकांना मदत केली, कामं दिली, आणि त्यानंतर खेडीच्या खेडी मंडळीत आली, हा इतिहास आहे. पण उरलेलं अर्धंही सांगावं. गहू संपला, गोरे पाळकसाहेब मायदेशी गेले, तरी माणसं टिकली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. नुसत्या पोटासाठी आलेली माणसं तोटा सोसून चार-चार पिढ्या कशाला थांबतील? एवढं सांगितल्यावर ती गप्प बसली. पटून की कंटाळून ते देव जाणे. पण 'बाटलेले' हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

आता दुसरा पक्ष. आई, हे तुझ्यासाठी.

त्या वर्षांत एका गटाची मुलं-मुली कॅम्पसवर यायची. मनानं तळमळीची, पण पद्धत ठरलेली. हातात छापील पत्रक, त्यात चार मुद्दे, शेवटी प्रार्थना. कॅन्टीनमध्ये अनोळखी मुलीसमोर बसून विचारायचं, "आज रात्री मेलीस तर कुठं जाशील?" अहो, तिचा उद्या पेपर होता! आठवड्याच्या बैठकीत कुणी किती जणांना 'सांगितलं' त्याचा हिशोब व्हायचा. समोरच्यानं काय सांगितलं, हे मात्र तिथं कुणी विचारत नसे. ऐकायची तयारीच नाही, त्याला मी साक्ष म्हणणार नाही. ती विक्री झाली.

आईला टिळकांचं उदाहरण पटेल, कारण त्यांची भजनं तिला सगळी पाठ. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक गोरा माणूस भेटला. गप्पा झाल्या त्या संस्कृत काव्यावर. उतरण्याआधी त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि वाचायला सांगितलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणे. तो कोण, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढचं सगळं टिळकांनी एकट्यानं केलं. वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडखळले, शंका काढल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. (गंमत म्हणजे पुणे विद्यापीठ स्थापन झालं तेही १० फेब्रुवारीलाच, १९४९ साली. उगाच आपला योगायोग.) मला त्या अनोळखी माणसाचं भाकीत महत्त्वाचं वाटत नाही. त्याला टिळकांच्या आवडीच्या विषयावर मनापासून बोलता आलं, आणि पुस्तक देऊन तो बाजूला झाला, हे महत्त्वाचं वाटतं.

आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. आधी दुःख, ताटातूट, मग नगरला येऊन राहिल्या तरी सोवळं-ओवळं चालूच. बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको. टिळकांसारख्या तापट माणसाला स्वतःच्या बायकोच्या बाबतीत जिथं थांबावं लागलं, तिथं माझ्या भाचीनं रूममेटचा हिशोब वर्षाच्या बोलीवर कसा द्यावा?

कायद्याचंही बोलू, कारण दादाची खरी भीती तिथं आहे. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानणं आणि आचरणं यांच्या जोडीला त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. हा 'प्रसार' शब्द सहज आलेला नाही. ६ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत त्यावर चांगली खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांचा विरोध होता. शब्द राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी होते, दोघेही हिंदू. मुन्शींचं म्हणणं असं की हा शब्द काढला तरी भाषणस्वातंत्र्याखाली माणूस दुसऱ्याला आपलं मत सांगणारच. कृष्णम्माचारींनी तर स्वतःचा दाखला दिला. चौदा वर्षं आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपला धर्म बदलायचा प्रयत्न तिथं कुणी केला नाही, असं ते म्हणाले. मला हे फार मोलाचं वाटतं. आमचा हक्क टिकला तो, ज्यांनी कुणी हा संयम पाळला त्यांच्या पुण्याईवर!

पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा या निकालात टिकले आणि नंतर इतर राज्यांनीही तसे कायदे केले. या निकालावर आमच्या पाळकसाहेबांचा राग आहे, आणि सीरवाईंसारख्या घटनातज्ज्ञांनीही त्यावर कडक टीका केली आहे. कायदेशीर बाजू त्यांनी लढवावी. मी विद्यार्थ्यापुरतं बोलते. सांगणं माझ्याकडे, ठरवणं समोरच्याकडे, ही वाटणी मला कायदा नसता तरी मान्य होती. फक्त तिची दुसरी बाजूही धरायला हवी. समोरच्या सज्ञान मुलीनं विचार करून काही ठरवलंच, तर तो तिचा हक्क आहे. तिला मन नाही असं धरून चालणं, हा तिचाच अपमान.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शिक्षणात धर्म आणायचा नाही हे ठरलेलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात गहजब झाला. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. आमच्याकडे ही गोष्ट नेहमी रमाबाईंच्या बाजूनं सांगतात. उघडं दार लावून का घ्यायचं, हा रमाबाईंचा प्रश्न मलाही बरोबर वाटतो. पण त्या पालकांचीही बाजू मला कळते. त्या मुली लहान होत्या, बऱ्याच बालविधवा, आणि त्यांचं अन्न, छप्पर, शिक्षण सगळं त्याच बाईंच्या हातात होतं. अशा वेळी मूल आपण होऊन आलं की उपकाराच्या ओझ्यानं आलं, हे कुणी कसं सांगावं?

म्हणून भाचीला माझं सांगणं एवढंच. बरोबरीच्या माणसाशी बोल. तू सीनियर असशील आणि ज्युनियर तुझ्या नोट्सवर अवलंबून असेल, तर तिथं विषय तू काढू नकोस. कुणी नापास झालंय, आजारी आहे, घरची आठवण काढून रडतंय, तर डबा दे, सोबत बस, दवाखान्यात ने. त्या मदतीला वचनाची चिठ्ठी जोडू नकोस. प्रार्थना करायची तर मनात कर, देवाला ऐकू येतं. सकाळी सकाळी सगळ्यांना वचनांचे फोटो फॉरवर्ड करणं याला मी साक्ष मानत नाही. कुणी चर्चला येते म्हणाली तर ने. माझ्याबरोबर एक वर्गमैत्रीण तीन-चार रविवार आली, मग बंद झाली. "गाणी छान आहेत गं, पण प्रवचन फार लांबतं," म्हणाली. आमची मैत्री जिथल्या तिथं राहिली, आणि खरं सांगायचं तर प्रवचनाबद्दलचं तिचं मत अगदीच चुकीचं नव्हतं!

आणि कुणी खरंच पुढं पाऊल टाकायचं म्हणाली, तर घाई तुझ्याकडून नको. तिला वाचू दे, आईवडिलांशी बोलू दे, वर्षं लागली तर लागू देत. देव खरा असेल तर त्याला सेमिस्टरची मुदत नाही.

दुसऱ्याचं ऐकण्याबद्दल तर मी आग्रहच धरेन. जी मुलगी आपला विश्वास सांगते, तिनं मैत्रिणीची वारी, तिचा उपास, तिचा धम्म, कुणाचा पक्का नास्तिकपणा, हे सगळं तितक्याच उत्सुकतेनं ऐकायला हवं, आणि ते ऐकताना आपलं काही हललं तर घाबरून पळू नये. पेत्राच्या पत्रात सांगितलंय की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असावं, आणि ते सौम्यतेनं द्यावं. आम्ही तयारीचा भाग पाठ करतो, सौम्यतेचा राहून जातो. आणि कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं आहे, हे तर आम्ही वाचतच नाही.

दादा, धोका अगदीच नाही असं मी म्हणत नाही. गैरसमज होईल, एखादी तोडून बोलेल, कदाचित कुणी तक्रारही करेल. ज्या पोरीनं कुणाला आमिष दाखवलं नाही, कुणाच्या अडचणीचा फायदा घेतला नाही आणि विचारलेल्याला खरं उत्तर दिलं, तिच्या पाठीशी उभं राहणं हे आपलं काम. आणि आई, तिच्या दोन वर्षांत एकही 'आत्मा' मोजायला मिळाला नाही तरी नाताळाच्या उपासनेत कुणी तिला हिशोब विचारायचा नाही. विचारायचंच असेल तर विचारा, मैत्रिणींनी तुला कोणते प्रश्न विचारले? त्यातला एखादा तरी आपल्या मंडळीत चर्चेला घ्या. लग्नाच्या स्थळांचा घेतलात तरी चालेल.

असो. लेख फारच लांबला, आमच्या चर्चमधल्या प्रवचनासारखा. तुमच्यापैकी जे हॉस्टेलवर राहिलेत, कुठल्याही धर्माचे किंवा कुठल्याच नाही अशांचे अनुभव ऐकायला आवडतील. उलटतपासणीला मी तयार आहे.